स्वस्त गिटार आणि मुद्दाम ठेवलेली उणीव

तेरखेडा हे फटाक्यांचं, म्हणजे हाताने वस्तू बनवणाऱ्यांचं गाव. म्हणून इथे आज आपण हा प्रश्न घेऊ: स्वस्त वस्तूत जी उणीव असते, ती आपोआप राहते की कोणी ठेवतो?

अकूस्टिक गिटार बघा. महाग गिटारीची वरची फळी अखंड लाकडाची, स्वस्तातली थर चिकटवलेली. अखंड, मुरलेलं लाकूड महागच असतं. तेव्हा इथे तक्रार नाही. पण तारा ज्यावर टेकतात ते नट आणि सॅडल स्वस्त गिटारीत प्लॅस्टिकचे असतात, आणि पुष्कळदा उंच राहिलेले. तारा दाबायला जोर लागतो, बोटं सोलवटतात, आणि शिकणारं पोर म्हणतं, 'आपल्याला हे जमायचं नाही.' खोट वाद्यात असते, ठपका पोर स्वतःवर घेतं.

जाणते लोक काय करतात? सॅडल काढून त्याचा तळ पॉलिश पेपरवर घासतात. बाराव्या फ्रेटपाशी तार अर्धा मिलिमीटर खाली आणायची तर सॅडल एक मिलिमीटर उतरवावा लागतो. काहीजण हाडाचा सॅडल बसवतात. गिटार तीच, पण हाताला सोपी होते.

आता इथे कारखान्याने कारागिराचा वेळ वाचवला, असं म्हणता येईल. पण १९९० मध्ये आयबीएमने एक स्वस्त लेझर प्रिंटर काढला. महाग प्रिंटर मिनिटाला दहा पानं छापायचा, हा पाच. यंत्र जवळजवळ तेच. वेग कमी करायला उलट जास्तीची चिप घातली होती! म्हणजे उणीव ठेवायलाच खर्च केला. फ्रेंच अभियंता ज्यूल द्यूपुई याने १८४९ मध्येच रेल्वेबद्दल हे सांगितलं होतं: तिसऱ्या वर्गाच्या डब्याला छप्पर नसतं ते पैसे वाचवायला नव्हे, तर दुसऱ्या वर्गाचं भाडं परवडणाऱ्याने तिसऱ्यात बसू नये म्हणून.

यावर कोणी म्हणेल, निदान गरिबाला डबा तर मिळाला. हे खरंच आहे, आणि ते आपण मान्य करू. म्हणून आपला आक्षेप नेमका ठेवू या: उणीव लपवणं, आणि विकत घेतल्यावरही ती दूर करू न देणं, हे अन्यायाचं.

मिरजेच्या तानपुऱ्याची रीत बघा. २०२४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या घोडीचा पृष्ठभाग तारांनी झिजतो, म्हणून जवारी पुन्हा पुन्हा काढावी लागते. तारेखालचं सूत तर वाजवणारा स्वतःच सरकवतो. विकलेलं वाद्य पुढेही दुरुस्त होत राहणार, हे तिथे गृहीतच धरलेलं असतं.

तेव्हा दुकानात किमतीबरोबर एवढंही विचारा: हे नंतर उघडता, सुधारता येईल का? 'नाही' म्हणाले, तर का नाही, तेही विचारा.