खिशातली छायाचित्रशाळा

पूर्वी कुटुंबाचे छायाचित्र काढविणे हा एक लहानसा समारंभच असे. ठेवणीतली वस्त्रे नेसून मंडळी छायाचित्रकाराच्या दुकानी जात, वडीलधारी माणसे खुर्च्यांवर बसत, मुले पुढे मांडी घालीत, आणि त्या एका क्षणाची प्रत पुढे कित्येक वर्षे दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलेली दिसे. आज तो छायाचित्रकार आपल्या खिशातच येऊन बसला आहे. बारशापासून सहस्रचंद्रदर्शनापर्यंत प्रत्येक प्रसंगी छायाचित्रे शेकड्यांनी निघतात. परंतु त्यांपैकी पाहण्याजोगी किती, खरी किती आणि आणखी दहा वर्षांनी सापडतील अशी किती, हे प्रश्न प्रत्येक घराने स्वतःस विचारावेत असे आहेत.

हे साधन फार जुने नाही. अमेरिकेतील कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने १९७५ साली फिल्मशिवाय चालणारा कॅमेरा जुळविला, तेव्हा एक चित्र कॅसेटच्या फितीवर नोंदविण्यास २३ सेकंद लागत आणि ते चित्र अवघ्या १०,००० बिंदूंचे असे. २००० साली जपानमध्ये कॅमेरा असलेला फोन बाजारात आला. आज साधारण प्रतीच्या फोनचे चित्रही १ कोटीहून अधिक बिंदूंचे असते. त्यातच चित्र टिपणारी, सुधारणारी आणि धाडणारी निरनिराळी अ‍ॅप्स मिळू लागली आहेत. यांतील कोणते घ्यावे, कोणते टाळावे, हे जाहिरातीवरून ठरविण्यापेक्षा स्वतः पारखून ठरविणे केव्हाही चांगले.

पारख करावयाची तर मैदानही तसेच हवे. असे एक उत्तम मैदान म्हणजे चंदीगड. १९५१ पासून ल कॉर्ब्युझिए आणि त्यांचे सहकारी यांनी घडविलेल्या या नगरात सरळ रेषा, प्रखर ऊन, भडक रंग आणि माणसांची वर्दळ ही सारी एका दिवसाच्या फेरफटक्यात भेटतात. जगाला या शहराची ओळख प्रथम झाली तीही पुष्कळशी छायाचित्रांतूनच. ल्यूसियाँ एर्वे या फ्रेंच छायाचित्रकाराने १९५५ आणि १९६१ साली येथे येऊन टिपलेली छाया-प्रकाशाची चित्रे वास्तुकलेच्या अभ्यासकांना सुपरिचित आहेत. तेव्हा, वाचकहो, एक दिवस मनाने आपण चंदीगडला चला. तेथे सांगितलेले प्रयोग मात्र आपल्या गावच्या देवळासमोर किंवा वाड्याच्या चौकातही करून पाहता येतील.

सकाळ : रेषांची कसोटी

प्रथम कॅपिटॉल परिसर पाहू. सचिवालय, विधानभवन आणि उच्च न्यायालय असलेल्या या परिसराचा २०१६ साली जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. या कामकाज चालणाऱ्या वास्तू आहेत, हे ध्यानी ठेवून जेथे मनाई असेल तेथे फोन खिशातच ठेवावा आणि शंका येईल तेथे विचारून घ्यावे.

सचिवालयाची इमारत सुमारे २५० मीटर लांब आहे. तिच्या पायथ्याशी उभे राहून फोन वर कलता केला की इमारत मागे कोसळत असल्यासारखी दिसते. याचे कारण असे की, फोन कलला म्हणजे इमारतीचा माथा पायथ्यापेक्षा लहान उमटतो आणि उभ्या रेषा वर एकमेकींकडे झुकतात. यावर पहिला उपाय कोणत्याही अ‍ॅपचा नव्हे, तर आपल्या पायांचा आहे. वीस-तीस पावले मागे सरावे, फोनच्या कॅमेऱ्यातील ‘ग्रिड’ ही आडव्या-उभ्या रेषांची जाळी चालू करावी आणि फोन सरळ धरावा. एवढ्याने न भागल्यास ‘स्नॅपसीड’ या विनामूल्य अ‍ॅपमधील ‘पर्स्पेक्टिव्ह’ या सोयीने रेषा उभ्या करून घेता येतात. हे अ‍ॅप २०१२ पासून गूगलकडे आहे.

दुसरी अडचण उन्हाची. काँक्रीटच्या खोल पट्ट्यांखाली गडद सावली आणि वर झळझळीत आकाश, अशा वेळी आकाश तरी पांढरेफटक होते किंवा सावली तरी काळीठिक्कर. पडद्यावर उजळ भागावर बोट टेकवून प्रकाश किंचित कमी करावा. फोनमधील ‘एचडीआर’ ही सोय कमी-अधिक प्रकाशाची अनेक चित्रे क्षणार्धात टिपून त्यांचे एक चित्र बनविते. तिचा येथे चांगला उपयोग होतो. अधिक शिकण्याची हौस असेल त्यांनी अँड्रॉइड फोनवर ‘ओपन कॅमेरा’ हे विनामूल्य अ‍ॅप घालून पाहावे. प्रकाश किती घ्यावा, किती वेळ घ्यावा, हे फोन देईल त्या मर्यादेत त्यात स्वतः ठरविता येते. चार दिवसांच्या सरावाने जे कळते ते पुष्कळ वाचूनही कळत नाही.

दुपार : रंगांची कसोटी

दुपारी रॉक गार्डनमध्ये जावे. नेकचंद सैनी या रस्तेखात्यातील निरीक्षकाने १९५७ च्या सुमारास, कोणास न सांगता, टाकाऊ वस्तूंतून ही सृष्टी उभी करण्यास आरंभ केला आणि १९७६ साली ती जनतेस खुली झाली. फुटक्या बांगड्या, चिनी मातीचे तुकडे आणि विजेचे टाकाऊ सामान यांतून घडलेल्या या आकृती रंगांची परीक्षा घेण्यास फार सोयीच्या आहेत, कारण मूळ रंग डोळ्यांसमोरच असतो.

बांगड्यांच्या एखाद्या बाहुलीचे चित्र घ्या आणि त्यावर अ‍ॅपमधील तयार साज, म्हणजेच ‘फिल्टर’, एकामागून एक चढवून पाहा. हिरवा चुडा पोपटी होईल, करडा दगड निळसर होईल. प्रथमदर्शनी चित्र मोहक वाटेल. पण बाहुलीकडे पुन्हा पाहिले की तो रंग तेथे नसल्याचे ध्यानी येईल. म्हणून तयार साजापेक्षा प्रकाश, सावली आणि रंगाची ऊब या तीन गोष्टी हाताने थोड्या थोड्या बदलाव्यात. ‘अडोबी लाइटरूम’ या अ‍ॅपमध्ये मूळ चित्र अबाधित राहते आणि बदल वेगळे नोंदले जातात. त्यातील काही सोयींना मात्र पैसे पडतात. स्नॅपसीडमध्येही मूळ चित्र ठेवून सुधारलेली प्रत निराळी साठविता येते. मूळ चित्र पुसले जाईल अशा रीतीने कोणतीही सुधारणा करू नये, हा पहिला नियम समजावा.

बाहुलीच्या बाबतीत जे खरे, ते माणसाच्या बाबतीत अधिकच खरे. चेहरा उजळ करणारी, गाल गुळगुळीत करणारी आणि डोळे मोठे करणारी अ‍ॅप्स पुष्कळ आहेत. आपल्या सावळ्या मुलीचे चित्र घरचीच माणसे गोरे करून नातेवाइकांना धाडू लागली, तर त्या मुलीने स्वतःविषयी काय समजावे? प्रश्न छायाचित्रणाचा उरत नाही, तो घरच्या संस्कारांचा होतो.

याहीपुढे आता यंत्रबुद्धीची मजल गेली आहे. गूगलच्या एका फोनात २०२३ साली अशी सोय आली की, एकामागून एक घेतलेल्या चित्रांतून प्रत्येकाचा हसरा चेहरा निवडून एकाच चित्रात बसविता येतो. नको असलेली वस्तू वा व्यक्ती पुसून टाकण्याची सोय तर गूगल फोटोजमध्ये २०२४ पासून सर्वांनाच मिळू लागली. मागे उभी असलेली मोटार पुसली तर कोणाचे फारसे बिघडत नाही. परंतु रुसलेला भाऊ हसरा केला, अथवा संबंध दुरावलेली काकू चित्रातून काढून टाकली, तर नातवंडांच्या हाती जे चित्र जाईल ते कधीही न घडलेल्या प्रसंगाचे असेल. कुटुंबाचे छायाचित्र ही एक प्रकारची साक्ष आहे. प्रकाश अवश्य सुधारावा. प्रसंग मात्र बदलू नये.

सायंकाळ : विवेकाची कसोटी

सायंकाळी सुखना सरोवराचा काठ गाठावा. १९५८ साली एका बरसाती ओढ्यास बांध घालून तयार केलेल्या या जलाशयामागे शिवालिकच्या टेकड्या दिसतात आणि संधिप्रकाशात चित्रे सुरेख येतात. अशा वेळी दीड हजार किलोमीटरहून दूर महाराष्ट्रात असलेल्या आजी-आजोबांना नातवंडांचे चित्र तत्काळ पाठवावे, असे कोणास वाटणार नाही? दूर नोकरीस असलेल्या घरांना या साधनाने दिलेला हा आनंद मोठाच आहे.

मात्र धाडण्याचेही काही नियम आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र नेहमीच्या रीतीने पाठविले की ते आकुंचित होते आणि छापावयास घेतल्यास धूसर दिसते. २०२३ पासून त्यात ‘एचडी’चा पर्याय आहे. मूळ चित्र जसेच्या तसे हवे असल्यास ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. परंतु मूळ चित्राच्या पोटात ते केव्हा आणि, स्थाननोंद चालू असल्यास, कोठे घेतले याचीही नोंद असते. यास्तव घरातील व मुलांच्या शाळेजवळील चित्रे घेताना कॅमेऱ्याची स्थाननोंद बंद ठेवणे इष्ट.

घरच्या माणसांना चित्र पाठविणे निराळे आणि चव्हाट्यावर मांडणे निराळे. २०१० साली सुरू झालेल्या इन्स्टाग्रामवर खाते उघडे ठेवल्यास अनोळखी माणसेही आपली चित्रे पाहू शकतात. ते ‘प्रायव्हेट’ करण्याची सोय आहे, ती वापरावी. तेथे स्वतःचे खाते उघडण्यास वयाची १३ वर्षे पूर्ण असावी लागतात. पण तीन महिन्यांच्या बाळाचे चित्र आपण मांडतो, तेव्हा त्याची संमती कोण घेतो? शाळेचे नाव दिसणारा गणवेश, घराचा क्रमांक, न्हाणाऱ्या बालकाचे चित्र, ही सर्वांसमोर कधीही मांडू नयेत. दुसऱ्याच्या मुलाचे चित्र तर त्याच्या आईवडिलांना विचारल्याखेरीज पाठवूच नये.

शेवटी प्रश्न जतनाचा. गूगल फोटोजमध्ये पूर्वी अमर्याद चित्रे विनामूल्य ठेवता येत. १ जून २०२१ पासून ती सवलत संपली. आता विनामूल्य जागा १५ जीबी असून तीत आपले ई-टपालही मोजले जाते. एक चित्र ४ एमबीचे धरल्यास सुमारे ३,७५० चित्रांत ती जागा भरते. तेव्हा दर रविवारी घरातील मंडळींनी एकत्र बसून अर्धा तास निवड करावी. सारखी-सारखी चित्रे काढून टाकावीत, राहिलेल्यांची एक प्रत संगणकावर वा वेगळ्या डिस्कवर ठेवावी, आणि महिन्यातून एक चित्र कागदावर छापून घेऊन मागे पेन्सिलीने नावे, गाव व तारीख लिहावी. हे लिहिण्याचे काम आजी-आजोबांना विचारून मुलांनी करावे. त्या निमित्ताने कोण कोणाचे, कोठले, हेही त्यांना कळेल.