डब्यावरचा रंग काय सांगतो?



कीटकनाशकाला आपण ‘औषध’ म्हणतो, पण आहे ते विष. डबा घेताना भाव पाहतो, त्यावरची तिरपी चौकट कोणी पाहत नाही. कीटकनाशक नियम, १९७१ प्रमाणे तिच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता दाखवतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. प्रयोगातले निम्मे उंदीर वजनाच्या दर किलोला ५० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी विष पोटात जाऊन मेले, तर लाल. हुमणीसाठी आपण उघड्या हाताने फेकत होतो ते फोरेट लालच. ते ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे.

हिरवा म्हणजे दूध नव्हे. रंग फक्त तत्काळ विषबाधेचा. पेट घेण्याचा धोका तो सांगत नाही. पुष्कळ ‘ई.सी.’ औषधांत पेटणारा द्रावक असतो. जवळ बिडी नको.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जण दगावले. कपाशी उंच वाढलेली, फवारा तोंडावर येई. आपल्या अकोल्यातला ऊस तर त्याहून उंच! वाऱ्याच्या तोंडाला उभे राहून फवारू नका. चक्कर, मळमळ वाटली तर रुग्णाबरोबर डबाही दवाखान्यात न्या. उतारा त्याच्या माहितीपत्रकात छापलेला असतो.