आजारी माणसाची लस

‘काका, लसी तर आपल्या पुण्यातच बनतात ना? मग ही बाबांना कुठे मिळेल?’

आमच्या सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीने हे विचारलं तेव्हा तिच्या हातात वर्तमानपत्राचं कात्रण होतं. त्वचेच्या कर्करोगावर लस आल्याची बातमी होती. तिचे वडील निवृत्त कंडक्टर. टाचेवर काळा डाग उठला, तो त्यांना कुरूप वाटला आणि वर्षभर ते त्यावर कॉर्न कॅप लावत राहिले. तपासणीत तो मेलानोमा निघाला. तोवर तो जांघेतल्या गाठींपर्यंत आणि पुढे फुप्फुसांपर्यंत पोचला होता.

मला विचारायला कारण होतं. मी मराठीचा निवृत्त शिक्षक. एका रुग्णालयाच्या नैतिक समितीवर मी ‘सामान्य नागरिक’ सदस्य आहे. औषधांच्या चाचण्यांना परवानगी देणाऱ्या अशा समितीत डॉक्टर आणि कायदेतज्ज्ञ यांच्याबरोबर एक सामान्य माणूसही असावा, असा नियम आहे. संमतीपत्रातलं मराठी रुग्णाला कळेल का, हे पाहणं माझं काम. मी त्या मुलीकडे आठ दिवस मागितले आणि वाचायला बसलो.

अडचण ‘लस’ या शब्दापाशीच सुरू होते. जखमेतून पाझरतो तो पातळ द्रवही लसच. देवीच्या फोडातला तो द्रव टोचण्यासाठी वापरू लागले आणि शब्दाला नवा अर्थ आला. तेव्हापासून लस म्हणजे निरोगी माणसाने आजार टाळण्यासाठी घ्यायची गोष्ट. कर्करोगाची ही लस मात्र आजार झालेल्या माणसाला देतात. शरीरातल्या पांढऱ्या पेशींना कर्करोगाच्या पेशींची खूण पटवून द्यायची आणि त्यांच्याकडून हल्ला करवायचा, ही त्यामागची कल्पना.

कल्पना बरोबर आहे का, हे ठरवायला तुलना लागते. महाराष्ट्राला हे नवं नाही. जानेवारी १८९७ मध्ये हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तिथल्या काही कैद्यांना ती दिली गेली, काहींना नाही, आणि दोन्ही गटांत किती जण आजारी पडतात ते मोजलं गेलं. कैद्यांची संमती कितपत मोकळी होती, हा प्रश्न आज आमच्या समितीत पहिला निघेल. पण लस न घेतलेल्यांशी तुलना केल्याशिवाय लसीचा गुण कळत नाही, हे तिथे दिसलं.

मेलानोमाच्या लसींची कहाणी या तुलनेनेच वेळोवेळी उलटवली. आपल्या बाळांना टोचतात ती क्षयाची बीसीजी अमेरिकेतले शल्यविशारद डोनाल्ड मॉर्टन यांनी १९७०च्या सुमारास मेलानोमाच्या गाठींतच टोचून पाहिली. टोचलेल्या गाठी विरघळत, क्वचित न टोचलेल्याही. पुढे त्यांनी मेलानोमाच्याच पेशी निष्प्रभ करून ‘कॅनव्हॅक्सिन’ ही लस तयार केली. पूर्वीच्या रुग्णांशी ताडून पाहता ती घेणारे जास्त जगले, असं दिसलं. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून १,६५६ रुग्णांवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या. फायदा दिसेना, म्हणून २००५ मध्ये त्या थांबवाव्या लागल्या. आधीचा फरक लसीचा नव्हता. लस घेणाऱ्यांत मुळातच बरी तब्येत असणारे निवडले गेले असावेत, एवढाच त्याचा अर्थ.

त्याच्या आदल्या वर्षी, २००४ मध्ये, स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी आपल्याच संस्थेचा हिशेब मांडला होता. पसरलेल्या कर्करोगाचे ४४० रुग्ण, बहुतेक मेलानोमाचे. लसीने गाठी ठळकपणे लहान झाल्या त्या फक्त २.६ टक्क्यांच्या. स्वतःच्या कामाचा असा हिशेब छापायला धैर्य लागतं.

मग २०१० मध्ये गाठ सुटली. शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या ६७६ मेलानोमा रुग्णांचे तीन गट केले गेले. एकाला फक्त लस, दुसऱ्याला फक्त इपिलिमुमॅब हे औषध, तिसऱ्याला दोन्ही. फक्त लस घेणाऱ्यांचं मध्यमान आयुष्य ६.४ महिने आलं, फक्त औषधवाल्यांचं १०.१ आणि दोन्ही घेणाऱ्यांचं १०.०. लसीने काहीच भर घातली नव्हती. पांढऱ्या पेशींना नुसती खूण पटवून भागत नाही, त्यांच्यावर लागलेला ब्रेक आधी सोडवावा लागतो आणि हे औषध तेच करत होतं. त्या ब्रेकच्या शोधासाठी २०१८ मध्ये ॲलिसन आणि होंजो यांना नोबेल मिळालं.

कात्रणातली लस याच्या पुढची पायरी. रुग्णाच्या गाठीतले जनुकीय बदल वाचून त्यांतले ३४ पर्यंत निवडायचे आणि फक्त त्याच्यासाठी एमआरएनए लस बनवायची. सोबत ब्रेक सोडवणारं पेम्ब्रोलिझुमॅब द्यायचं. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या १५७ रुग्णांच्या चाचणीत १८ महिन्यांनी रोग न उलटता जगणारे लस-औषध गटात सुमारे ७९ टक्के होते, नुसत्या औषधाच्या गटात ६२. मोठी चाचणी २०२३ मध्ये सुरू झाली.

पण बारीक अक्षरांत दोन गोष्टी होत्या. त्या १५७ जणांच्या गाठी शस्त्रक्रियेने आधीच पूर्ण काढलेल्या होत्या. आणि गोऱ्या कातडीवरच्या मेलानोमात उन्हामुळे जनुकीय बदलांचा खच पडलेला असतो, तर आपल्याकडे हा विरळा आजार अनेकदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो. तिथे उन्हाचा संबंध नसतो. बदल कमी, म्हणजे लसीला दाखवायच्या खुणाही कमी.

पुण्याबद्दल ती मुलगी चुकली नव्हती. हडपसरची सीरम इन्स्टिट्यूट मूत्राशयाच्या कर्करोगासाठीही बीसीजी बनवते. पुण्याच्याच जेनोव्हा कंपनीच्या एमआरएनए कोविड लसीला २०२२ मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली होती. पण लाखो लोकांसाठी एकच लस बनवणं वेगळं आणि एका माणसासाठी एक बनवणं वेगळं.

आठ दिवसांनी मी तिला हे सगळं सांगितलं. ब्रेक सोडवणाऱ्या औषधाबद्दल, त्याच्या खर्चाबद्दल आणि त्रासाबद्दल डॉक्टरांना विचार, म्हटलं. कुणी पैसे घेऊन ‘कर्करोगाची लस’ देऊ केली, तर दोनच प्रश्न विचार. चाचणीची नोंद भारताच्या सरकारी नोंदवहीत आहे का? तुलना कुणाशी केली? उत्तर मिळालं नाही, तर उठून ये.

‘म्हणजे नाही ना काका?’

‘आज नाही.’

तिने कात्रणाची घडी घातली आणि वडिलांच्या फाइलमध्ये ठेवली. फेकलं नाही. मीही फेक म्हटलं नाही.

उद्या अशा लसीची चाचणी पुण्यात आली आणि तिचं संमतीपत्र माझ्या टेबलावर आलं, तर ‘लस’ या शब्दाखाली मी तीन वाक्यं मागणार आहे : ‘ही लस आजार टाळण्यासाठी नाही. तिचा तुम्हाला उपयोग होईल का, हे आम्हाला अजून माहीत नाही. ते कळावं म्हणूनच तुम्हाला विचारत आहोत.’