बंदरातील ५५ दिवस

भोपाळच्या जवाहर चौकात राहणाऱ्या शिक्षकाने समुद्रावर बोलावे, हे कोणास धाडसाचे वाटेल. समुद्र येथून शेकडो मैल दूर. आमच्या वाट्याला आला तो बडा तालाब आणि त्यावर सरावासाठी फिरणाऱ्या लहान शिडांच्या होड्या. परंतु माझे बालपण वसईच्या किनाऱ्यावर गेले, आणि परवा वर्गात एका मुलीने विचारलेल्या प्रश्नाने तो किनारा मला पुन्हा आठवला.

मी ‘तारिणी’ची हकीकत सांगत होतो. भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून या शिडाच्या नौकेतून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून २१ मे २०१८ रोजी परतल्या. वर्तिका जोशी या प्रमुख. प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, ऐश्वर्या बोड्डपाटी, एस. विजया देवी व पायल गुप्ता या त्यांच्या सहकारी. प्रवास २५४ दिवसांचा, पैकी समुद्रावर १९९ दिवस. मुलीने चटकन वजाबाकी केली आणि विचारले, “सर, मग उरलेले ५५ दिवस त्यांनी मजा केली का?”

प्रश्न भाबडा नव्हता. प्रवासवर्णनांत वादळे येतात, लाटा येतात. बंदर आले की लेखक चार ओळींत उरकतो.

‘तारिणी’चा मार्ग ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटल्टन, फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्ली आणि आफ्रिकेतील केप टाऊन असा होता. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली ‘म्हादेई’मधून एकट्याने प्रदक्षिणा केली, तेव्हा त्यांनी हेच चार थांबे घेतले होते. ही कामगिरी करणारे ते पहिले भारतीय. दोन्ही नौका गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधल्या गेल्या.

नौका परक्या बंदरात शिरली म्हणजे खलाशाने लगेच धक्क्यावर उडी मारावयाची नसते. आधी पिवळे निशाण चढवावयाचे. आरोग्य, जकात व पारपत्र यांचे अधिकारी येईपर्यंत वाट पाहावयाची. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड हे देश याबाबत विशेष कडक आहेत. उरलेली फळे, भाज्या, मध यांसारखे जिन्नस पुष्कळदा ते काढून घेतात, कारण त्यांतून एखादी कीड आली तर तेथील शेतीस धोका. मग जमिनीवर पाय ठेवावा, तर जमीनच डुलू लागते! कित्येक आठवडे हलत्या फळीवर तोल सांभाळलेल्या शरीरास स्थिर भूमी काही काळ खरी वाटत नाही.

आणि लगेच काम सुरू होते. शिडाच्या नौकेचा शत्रू केवळ वादळ नव्हे. घर्षण हा त्याहून चिवट शत्रू आहे. एकच दोर एकाच कप्पीवर रात्रंदिवस घासतो, शिडाची शिवण एकाच तारेवर झिजते. म्हणून बंदरात कोणी तरी दोराला लटकून थेट डोलकाठीच्या टोकापर्यंत चढतो. ‘तारिणी’ची डोलकाठी सुमारे २५ मीटर उंच, म्हणजे सात-आठ मजली इमारतीएवढी. तिला ताणून धरणाऱ्या पोलादी तारांपैकी एकीचा धागा जरी तुटलेला दिसला, तरी ती बदलावी लागते. कारण भर समुद्रात तार तुटली तर डोलकाठीच कोसळण्याची भीती. शिडे उतरवून, पसरून, टाका टाका तपासतात. सुकाणू, यंत्र, वीजघट, पाण्याच्या टाक्या यांची पाळी येते. तळाला चिकटलेले शेवाळ व शिंपले वेग खातात; ते खरवडावे लागतात. शेवटी शिधा भरावयाचा. बटाटे आणि कांदे एकेक हातात घेऊन पारखावे लागतात, कारण एक नासका कांदा साऱ्या पोत्याचा घात करतो. गृहिणीस हे सांगावयास नको.

आमच्या वसईचे कोळी पावसाळ्यात होड्या वर ओढून शाकारून ठेवीत. तळाला तेल लावणे, फटी बुजवणे, जाळी विणणे, सारे त्या अवधीत होई. त्यांना चार महिने मिळत. ‘तारिणी’ला एका थांब्यावर जेमतेम दोन आठवडे. पुढील टप्पा दक्षिण अमेरिकेच्या टोकाचा, केप हॉर्नचा. ५६ अंश दक्षिण अक्षांशावरील ते भूशिर तेथील उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतच ओलांडणे श्रेयस्कर. लिटल्टनहून निघाल्यावर स्टॅन्लीपर्यंत ४१ दिवस; मध्ये दुरुस्तीस धक्का नाही.

लिटल्टन हे अशा तयारीचे जुनेच ठिकाण. दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या कॅप्टन स्कॉटचे ‘टेरा नोव्हा’ १९१० साली गळू लागले, तेव्हा ते याच बंदरातील गोदीत घेतले होते. मोकळ्या दुपारी अशा गावातून हिंडताना प्रवाशाला जे दिसते, ते बहुधा त्याच्याच काळजीचे प्रतिबिंब असते. स्टॅन्लीत दोन निळ्या देवमाशांच्या जबड्यांच्या हाडांची कमान चर्चजवळ उभी आहे. प्रवासी तिची छायाचित्रे घेतात. मला मात्र तेथील किनाऱ्यावरचा ‘झेलम’ अधिक बोलका वाटतो. आपल्या पंजाबच्या नदीचे नाव घेऊन १८४९ साली लिव्हरपूलला बांधलेले हे जहाज १८७० साली पेरूहून खत भरून निघाले आणि केप हॉर्न ओलांडून गळत गळत स्टॅन्लीला पोचले. खलाशांनी पुढे जाण्याचे नाकारले. तपासणीत ते प्रवासास निकामी ठरले. तेव्हापासून ते तेथेच कुजत राहिले. २००८ साली त्याचा पुढचा भाग कोसळला.

त्या ५५ दिवसांत सहा जणींनी गावे पाहिली, भारतीय कुटुंबांच्या भेटी घेतल्या, शाळांतील मुलांशी गप्पा केल्या. माझ्या विद्यार्थिनीस हे ऐकून बरे वाटले. पण त्या दिवसांत एक थांबा ठरलेला नव्हताच. केप टाऊन सोडून घराकडे येताना हिंदी महासागरात सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला. गोवा आता एकाच टप्प्यावर होता, घरची माणसे दिवस मोजीत होती. तरीही त्यांनी एप्रिल २०१८ मध्ये नौका मॉरिशसकडे वळवली, पोर्ट लुई बंदरात बिघाड दुरुस्त करून घेतला, आणि मगच गोव्याची वाट धरली.