मावा किडीच्या रसशोषणाची विद्युत्-नोंद : पद्धती व अर्थनिर्णय

मावा ही कीड पानावर स्थिर बसलेली दिसते तेव्हा ती नेमके काय करीत असते, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. 'ती रस शोषते' असे उत्तर कोणीही देईल. वस्तुतः सोंड पानाला टेकली म्हणजे रसशोषण सुरू झाले असे होत नाही. सोंडेतील केसाहून बारीक सुया ऊतीत शिरून, पेशींच्या भित्तिकांमधून वाट काढीत रसवाहिनीपर्यंत पोचण्यास पुष्कळदा तासाहून अधिक अवधी लागतो. काही वेळा त्या पोचतही नाहीत. हा सारा प्रवास ऊतीच्या आत होत असल्याने भिंगातून पाहणाऱ्यास त्यातील काहीच दिसत नाही. किडीने टाकलेल्या चिकट गोड द्रवाचे थेंब मोजणे, किडीचे वजन करणे किंवा किरणोत्सारी द्रव्य वापरणे या पद्धतींनी एकूण शोषणाचा अंदाज येतो; परंतु कोणत्या क्षणी काय घडले हा क्रम त्यांतून हाती लागत नाही.

हा क्रम नोंदविण्याचा मार्ग १९६४ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील मॅक्लीन आणि किन्सी यांनी दाखविला. त्यामागील कल्पना अत्यंत साधी आहे. किडीच्या पाठीवर सोन्याची सुमारे २० मायक्रोमीटर जाडीची तार चांदीयुक्त लेपाने चिकटवावयाची आणि दुसरा विद्युतग्र रोपाच्या कुंडीतील मातीत खोचावयाचा. कीड व रोप हे दोन्ही अशा रीतीने एकाच विद्युत्-मंडलाचे भाग बनतात. सुया ऊतीत शिरताच मंडल पूर्ण होते, बाहेर येताच ते तुटते. लाळेचा स्राव, अन्ननलिकेतील द्रवाची हालचाल, सुयांचे स्थान यांनुसार प्रवाहात सूक्ष्म बदल होतात व ते प्रवर्धित करून आलेखाच्या रूपाने उमटविले जातात.

या पहिल्या यंत्रात प्रत्यावर्ती विद्युत्-दाब वापरलेला होता आणि त्याचा आदान-रोध सुमारे १० लाख ओहम होता. त्यामुळे त्यात मुख्यतः रोधातील बदल दिसत. नेदरलँड्समधील वाखेनिंगेन येथे त्यालिंगी यांनी १९७८ साली एकदिश दाबाची पद्धती मांडली. तिच्यात आदान-रोध १०० कोटी ओहमपर्यंत नेलेला होता. हा फरक निव्वळ तांत्रिक समजू नये. उच्च रोधामुळे ऊतीत व किडीत स्वतः निर्माण होणारे विभवही आलेखात उतरू लागले. जिवंत पेशीचा अंतर्भाग बाह्य भागाच्या तुलनेत ऋण असतो. म्हणून सुईचे टोक पेशीपटल भेदून आत गेले की आलेखात एकदम खळगा पडतो व काही सेकंदांनी तो भरून निघतो. याला विभवपतन म्हणता येईल. रसवाहिनीच्या वाटेवर मावा अनेक पेशी अशा क्षणमात्र 'चाखून' पाहतो. जुन्या यंत्रासमोरही कीड हेच करीत होती, परंतु त्याच्या आलेखात त्याला जागाच नव्हती. यंत्राने जे नोंदविले नाही ते घडलेच नाही असे मानण्याचा मोह किती घातक ठरू शकतो, याचे याहून बोलके उदाहरण प्रस्तुत लेखकास ठाऊक नाही.

तरंगाला नाव देणे सोपे, त्याचा अर्थ सिद्ध करणे कठीण. आलेख केवळ विद्युत्-दाब सांगतो. 'शोषण' हा शब्द आपण त्यावर बसवितो. तो बसविण्यासाठी स्वतंत्र पुरावा हवा होता. शोषत असलेल्या मावा किडीच्या सुया छाटल्या तर बुंध्यातून रसवाहिनीतील रस स्वतःच्या दाबाने स्रवत राहतो, हे केनेडी व मिटलर यांनी १९५३ मध्येच दाखविले होते. विशिष्ट तरंग चालू असताना सुया छाटून, तसेच त्या क्षणी सुईचे टोक ऊतीत कोठे होते हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासून एकेका तरंगाची ओळख पक्की करण्यात आली. त्यातून 'ई-१' म्हणजे रसवाहिनीत लाळ सोडणे, 'ई-२' म्हणजे तेथील रस घेणे, 'जी' म्हणजे जलवाहिनीतून पाणी शोषणे असे अर्थ रूढ झाले.

या अर्थनिर्णयाचे महत्त्व विषाणूंच्या प्रसाराच्या संदर्भात विशेष जाणवते. महाराष्ट्रातील पपई उत्पादकांस रिंगस्पॉट या विषाणूरोगाचा उपद्रव परिचित आहे. मावा हा त्याचा वाहक. पण तो पपईवर वस्ती करीत नाही, उडत येतो, पान चाखतो आणि निघून जातो. मग कीटकनाशक फवारूनही रोग का पसरतो? अशा अल्पकाळ टिकणाऱ्या विषाणूंवर १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून असे दिसून आले की, विषाणूचे रोपण विभवपतनाच्या पहिल्या उपावस्थेत, तर ग्रहण अखेरच्या उपावस्थेत होते. म्हणजे सारा व्यवहार काही सेकंदांचा. औषधाचा परिणाम होऊन कीड मरेपर्यंत तिचे काम उरकलेले असते. याउलट बार्लीच्या पीत-खुजेपणाचा विषाणू रसवाहिनीपुरता मर्यादित असल्याने त्याच्या रोपणास 'ई-१' अवस्था गाठावी लागते. तेथे फवारणीस अवधी मिळतो.

आता 'स्वयंचलित' या शब्दाविषयी. नोंद स्वयंचलित असली तरी वाचन बव्हंशी मानवी आहे. एका वेळी ८ किडींची ८ तास नोंद घेतली की ६४ तासांचा आलेख साठतो. संगणकीय कार्यप्रणाली त्यातून गणिते झटपट करतात, तरंग ओळखण्यासही साहाय्य करतात. तथापि संदिग्ध ठिकाणी निर्णय अभ्यासकालाच घ्यावा लागतो. खरी अडचण त्यापुढची आहे. 'रसवाहिनीपर्यंत पोचण्यास लागलेला सरासरी वेळ' काढताना, ८ तासांत पोचूच न शकलेल्या किडींचे काय करावयाचे? त्या वगळल्या तर प्रतिकारक्षम वाणावर केवळ चपळ किडीच गणल्या जातात आणि वाण प्रत्यक्षाहून दुर्बळ भासतो. त्यांना सरसकट ८ तास दिले तर तो आकडा आपण घातलेला असतो, किडीने दिलेला नव्हे. अपूर्ण अवधींसाठी असलेली उत्तरजीविता-विश्लेषणाची रीत येथे अधिक योग्य ठरते. प्रबंधाचे परीक्षण करताना किती किडी वगळल्या हे मार्गदर्शकांनी अवश्य विचारावे. सांख्यिकीय कसोटीच्या नावापेक्षा ते अधिक मोलाचे आहे.

शिवाय तारेने बांधलेली कीड मोकळ्या किडीसारखी वागते काय, ही शंका उरतेच. तार चिकटविताना ती उपाशी राहते, आणि नावडते रोप सोडून दूर जाण्याचा पर्याय तिला नसतो. 'ई-२' चा कालावधी कळला तरी शोषलेल्या रसाचे आकारमान कळत नाही, हेही ध्यानात ठेवावे. वाखेनिंगेन येथूनच २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत तार नाही: पानाच्या लहान चकत्यांवर सोडलेल्या किडींचे चित्रण करून, त्या किती वेळ स्थिर बसल्या यावरून संगणक रसशोषणाचा अनुमानाने निर्णय करतो. अनेक वाणांची प्राथमिक चाळणी करण्यास ती सोयीची आहे. पेशीभेद मात्र चित्रात दिसत नाही. त्यामुळे पपईवरील विषाणूसारख्या प्रश्नांसाठी सोन्याची तार अद्यापही वापरावी लागते.