मुंबई केंद्रशासित झाली असती, तर अमरावती-अकोल्याचं काय झालं असतं?

‘मुंबई केंद्रशासित करणार’ असे मेसेज अधूनमधून फिरत असतात. पण हा निर्णय एकदा खरंच जाहीर झाला होता, हे तुम्हाला माहीत आहे का?

नेमकं काय घडलं होतं?

१६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंनी घोषणा केली : विदर्भासह महाराष्ट्र, वेगळा गुजरात आणि मुंबई शहर केंद्राकडे. आंदोलन पेटलं, गोळीबारात माणसं गेली. अर्थमंत्री सी. डी. देशमुखांनी राजीनामा दिला. शेवटी १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईसह द्विभाषिक राज्य झालं आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र.

यात वऱ्हाडाचा काय संबंध?

१९५६ पर्यंत वऱ्हाडाची राजधानी नागपूर होती, अमरावतीहून साधारण दीडशे किलोमीटरवर. राजधानी लांब गेली की आपलं कोण ऐकणार, ही भीती जुनीच. म्हणूनच ऑगस्ट १९४७ च्या अकोला करारात वेगळा उपप्रांत आणि वेगळं विधिमंडळ ठरलं होतं. १९५३ च्या नागपूर करारात त्याऐवजी नागपुरात दरवर्षी एक अधिवेशन आलं.

आता विचार करा, मुंबई केंद्राकडे गेली असती तर? वऱ्हाडाने जवळची राजधानी सोडली असती आणि मुंबईच्या करातला वाटाही मिळाला नसता.

मग दिल्ली वेगळी का?

संसद आणि दूतावास एका राज्य सरकारच्या हाती नसावेत, हा युक्तिवाद देशाच्या राजधानीला लागू पडतो. पण त्याची किंमत मतदार मोजतो. त्याच १ नोव्हेंबर १९५६ ला दिल्लीची विधानसभा गेली. ती परत आली थेट १९९३ मध्ये. पोलीस आणि जमीन आजही केंद्राकडेच आहे. वॉशिंग्टनच्या प्रतिनिधीलाही अमेरिकी संसदेत अंतिम मतदानाचा हक्क नाही.

मुंबई तर देशाची राजधानीही नव्हती, त्यामुळे तिथे हा युक्तिवादच लागू होत नव्हता.

आज असं होऊ शकतं का?

कायद्याने, हो. राज्यघटनेच्या कलम ३ नुसार संसद साध्या बहुमताने राज्याच्या सीमा बदलू शकते. विधानसभेचं मत विचारावं लागतं, पण ते बंधनकारक नाही. २०१९ मध्ये जम्मू-काश्मीर राज्याचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले, तेव्हा तिथे विधानसभाच अस्तित्वात नव्हती.

म्हणजे हा प्रश्न एकट्या मुंबईकरांचा नाही. अकोल्याच्या आमदाराच्या मताला अशा वेळी किती किंमत असेल, हाही आहे.