पोफळीचा पोहणारा शत्रू

श्रावणात बोर्ली पंचतनच्या वाडीत पोफळीखाली हिरव्या सुपाऱ्यांचा सडा दिसला, तर एक सुपारी उचलून पाहा. देठाजवळ भिजल्यासारखा काळपट-हिरवा डाग आणि वर कापसासारखी पांढरी बुरशी दिसली, तर तो कोळे रोग समजावा.

रोगकारक फायटोफ्थोरा. त्याला आपण बुरशी म्हणतो खरे, पण नात्याने तो समुद्री शेवाळांना जवळचा. त्याचे बीजाणू शेपट्यांच्या साहाय्याने पाण्यात पोहतात. म्हणूनच झडीचा पाऊस त्याला मानवतो. आयर्लंडमधले बटाटे १८४५ पासून नासवणारा जीव याच कुळातला.

म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी या रोगाचा अभ्यास १९१० मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी सुचवलेला बोर्डो मिश्रणाचा उपाय आजही चालतो: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. मिश्रणात लोखंडी पाते बुडवावे. त्यावर तांबूस थर चढला, तर चुना वाढवावा.

पहिली फवारणी पावसाआधी, दुसरी साधारण ४० दिवसांनी उघडीप पाहून करावी. गळलेली सुपारी मात्र वाडीत ठेवू नका; वेचून नष्ट करा.